सगळे परत मिळते, मग आकार वेगळा का?

चित्रफितीतला एकही कण न गमावता ती संगणकावर कमी जागेत बसवता येते. याला लॉसलेस कॉम्प्रेशन म्हणतात. हे काम करणाऱ्या पद्धती अनेक आहेत : हफवाययूव्ही, लॅगॅरिथ, एफएफव्ही१, एच.२६४चा लॉसलेस प्रकार. सर्वांचे वचन एकच, फाइल उघडल्यावर मूळ चित्र जसेच्या तसे मिळेल. तरीही एकच चित्रफीत या चार पद्धतींनी साठवली तर चार फायलींचे आकार चार येतात. असे का व्हावे? आणि सर्वांत लहान फाइल देणारी पद्धत सर्वांत चांगली, असे म्हणता येईल का?

हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. अनेक शाळांच्या, नाट्यसंस्थांच्या आणि घरांच्या कपाटांत अजून व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. त्यांच्या फितीवरचा चुंबकीय थर दरवर्षी थोडा थोडा खराब होतो. त्या वाजवणारी यंत्रे बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळे जळून गेली. मूळ वस्तू नाहीशी झाली की उरलेली प्रत हीच मूळ होते. मग प्रत करताना जे टाकून दिले असेल ते कायमचे गेलेले असते.

फोनवरची एमपी४ फाइल किंवा जेपीईजी छायाचित्र डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील टाकून देते आणि म्हणूनच इतके लहान होते. पाहण्यापुरते ते ठीक आहे. पण जतन करायचे तर टाकून देणे परवडत नाही. म्हणून लॉसलेस पद्धतींची तुलना महत्त्वाची ठरते.

मुळात माल किती?

आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटचे चित्र संगणकात घेतले की एका चौकटीत साधारणपणे ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्याच्या उजेडासाठी ० ते २५५ मधला एक आकडा, म्हणजे १ बाइट किंवा ८ बिट लागतात. रंगासाठी दोन आकडे असतात. ते दर दोन ठिपक्यांमागे एकदाच नोंदवण्याची पद्धत आहे. म्हणजे सरासरीने ठिपक्यामागे २ बाइट झाले. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर एका सेकंदाला २,०७,३६,००० बाइट आणि एका तासाला सुमारे ७४.६ गिगाबाइट होतात. शंभर तासांच्या कॅसेट असतील तर साडेसात टेराबाइट. इतका माल ठेवायचा, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवायची आणि काही वर्षांनी सारे नव्या डिस्कवर उतरवायचे, म्हणजे आवळून बांधणे भागच आहे.

फळ्यावरचा प्रयोग

चित्राच्या एका ओळीतले सोळा ठिपके घेऊ. त्यांच्या उजेडाचे आकडे असे आहेत असे समजा :

१२०, १२१, १२१, १२१, १२२, १२१, १२१, १२३, १२३, १२४, १२४, १२३, १२३, १२४, १२३, १२३

जसेच्या तसे लिहायचे तर १६ × ८ = १२८ बिट लागतात.

विद्यार्थ्यांना सहज सुचणारी युक्ती म्हणजे ‘कोणता आकडा सलग किती वेळा’ हे लिहायचे : १२० एकदा, १२१ तीनदा, १२२ एकदा, याप्रमाणे. असे नऊ गट पडतात. प्रत्येक गटासाठी आकड्याचे ८ आणि ‘किती वेळा’चे ८ बिट धरले तर १४४ बिट झाले. फाइल लहान होण्याऐवजी मोठी झाली! कॅमेऱ्याच्या चित्रात तंतोतंत सारखे आकडे सलग फारसे येत नाहीत. झिप हीसुद्धा पुनरावृत्ती शोधणारी पद्धत असल्यामुळे व्हिडिओवर तिचा प्रभाव कमी पडतो.

आता दुसरी युक्ती पाहू. पहिला आकडा पूर्ण लिहू आणि पुढे फक्त मागच्या ठिपक्यापासूनचा फरक लिहू :

१२०, +१, ०, ०, +१, −१, ०, +२, ०, +१, ०, −१, ०, +१, −१, ०

पंधरा फरकांत ० सात वेळा, +१ चार वेळा, −१ तीन वेळा आणि +२ एकदा आला आहे. जे वारंवार येते त्याला आखूड चिन्ह आणि जे क्वचित येते त्याला लांब चिन्ह देऊ : ० साठी ‘०’, +१ साठी ‘१०’, −१ साठी ‘११०’, +२ साठी ‘१११’. यातले कोणतेही चिन्ह दुसऱ्या चिन्हाची सुरुवात नाही. त्यामुळे सर्व चिन्हे एकापुढे एक चिकटवून लिहिली तरी वाचताना घोटाळा होत नाही. आता हिशेब करा : ७×१ + ४×२ + ३×३ + १×३ = २७ बिट. पहिल्या आकड्याचे ८ मिळवले की ३५. कोणत्या फरकाला कोणते चिन्ह, हेही फाइलमध्ये लिहावे लागते. पण ते एकदाच, आणि मोठ्या चित्रफितीत तो खर्च नगण्य असतो.

१२८ चे ३५ झाले आणि काहीही हरवले नाही. वाचणारा १२० पासून सुरुवात करून फरक मिळवत गेला की मूळ ओळ जशीच्या तशी मिळते.

अंदाज बांधा, चूक लिहा

वरच्या युक्तीकडे असे पाहता येईल. आपण ‘पुढचा ठिपका मागच्यासारखाच असेल’ असा अंदाज बांधला आणि फक्त अंदाजातली चूक लिहून ठेवली. फाइल उघडणारा संगणकही तोच अंदाज बांधतो आणि चूक दुरुस्त करून घेतो. या चारही लॉसलेस पद्धतींचा गाभा हाच आहे. त्यांच्यातला फरक दोन गोष्टींत असतो : अंदाज किती चांगला आणि चुका किती काटकसरीने लिहिल्या.

अंदाज सुधारण्यासाठी डावीकडच्या शेजाऱ्याबरोबर वरच्या ओळीतले शेजारीही विचारात घेता येतात. समजा डावा ठिपका १२१, वरचा १४० आणि डावीकडचा वरचा १२२ आहे. येथे चित्रात एक उभी कड आहे. केवळ डाव्या ठिपक्यावरून अंदाज १२१ येईल. पण १२१ + १४० − १२२ = १३९ हा तिसरा आकडा काढा आणि १२१, १४०, १३९ यांचा मध्यक घ्या. अंदाज १३९ येतो. खरा ठिपका १४० असेल तर पहिल्या रीतीने चूक १९ ची, दुसऱ्या रीतीने फक्त १ ची. हफवाययूव्ही, लॅगॅरिथ आणि एफएफव्ही१ या तिन्हींत हा मध्यकाचा अंदाज वापरता येतो.

चुका लिहिण्याची रीत आपण फळ्यावर वापरली तीच. ती डेव्हिड हफमन यांनी शोधली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकत असताना प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी परीक्षेऐवजी एक प्रकल्प सोडवण्याची मुभा दिली होती. त्या प्रकल्पातून ही रीत निघाली आणि १९५२ साली प्रसिद्ध झाली. बेन रुडियाक-गूल्ड यांच्या हफवाययूव्हीच्या नावातला ‘हफ’ तो हाच.

या रीतीला एक मर्यादा आहे. चिन्ह कितीही आखूड केले तरी एका बिटाहून आखूड होत नाही. समजा कार्टूनच्या सपाट रंगात १०० पैकी ९५ चुका शून्य आहेत आणि उरलेल्या पाच एकाच प्रकारच्या आहेत. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे येथे चुकीमागे सरासरी ०.२९ बिट पुरतात. हफमन रीत मात्र पूर्ण १ बिट घेते. ही उधळपट्टी टाळण्यासाठी अनेक चिन्हे मिळून एकच मोठा आकडा बनवण्याची अंकगणिती रीत निघाली. लॅगॅरिथ आणि एफएफव्ही१ त्या कुळातली रीत वापरतात. एफएफव्ही१ आणखी एक काळजी घेते. शेजारचे ठिपके शांत आहेत की खळबळीचे, हे पाहून ती वेगवेगळे हिशेब ठेवते. शांत भागात शून्याला जास्त स्वस्त करायचे, खळबळीच्या भागात मोठ्या चुकांना थोडे स्वस्त करायचे.

आपल्या सोळा ठिपक्यांवर अंकगणिती रीतीचा फायदा किती? शॅननच्या सूत्राने २७ बिटांऐवजी सुमारे २६.२. फायदा आहे, पण फार नाही. कार्टूनमध्ये मात्र तो मोठा असतो. म्हणजे कोणती पद्धत किती पुढे, हे चित्रावरही अवलंबून आहे.

चौथ्या, एच.२६४च्या लॉसलेस प्रकारात अंदाज आधीच्या चौकटीवरूनही बांधतात. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेमागची भिंत प्रत्येक चौकटीत तीच असते. मग ती पुन्हा पुन्हा का लिहायची? संगणकाच्या पडद्याच्या चित्रणात, जिथे बराच वेळ काहीच हलत नाही, तिथे यामुळे फाइल कितीतरी पटींनी लहान होते. मग कॅमेऱ्याच्या चित्रातही तसेच का होऊ नये?

भिंतीवरच्या मुंग्या

कारण कॅमेऱ्याच्या चित्रातली भिंत कधीच ‘तीच’ नसते. पूर्वी ॲण्टेना हलला की टीव्हीवर मुंग्या दिसत. तशाच, पण बारीक मुंग्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या आणि फितीच्या चित्रात असतात. रेडिओच्या खरखरीची ही चित्रातली बहीण. आपण तिला खरखरच म्हणू.

हे वर्गात सोंगटीच्या फाशाने दाखवता येते. भिंतीचा खरा उजेड सगळीकडे १०० आहे असे धरा. प्रत्येक ठिपक्यासाठी फासा टाका : १ पडला तर ९९ लिहा, ६ पडला तर १०१ लिहा, एरवी १००. भिंत १०० ची आहे हे अगोदर माहीत असले तरी फासा काय पडणार हे कोणाला सांगता येईल? तेवढी माहिती लिहावीच लागते. शॅननच्या सूत्राने ती ठिपक्यामागे १.२५ बिट भरते. कितीही हुशार पद्धत आणली तरी यापेक्षा खाली जाता येत नाही.

प्रत्यक्षात भिंत १०० ची आहे हे पद्धतीला माहीत नसते. ती शेजारच्या ठिपक्यावरून अंदाज बांधते, आणि शेजाऱ्यालाही त्याचा स्वतःचा फासा पडलेला असतो. त्यामुळे फरकात दोन फाशांची खरखर येते. फरक ० येण्याची संभाव्यता ३६ पैकी १८, +१ आणि −१ ची प्रत्येकी ८, +२ आणि −२ ची प्रत्येकी १. सूत्राने उत्तर येते १.७५ बिट, म्हणजे बरोबर अर्धा बिट जास्त. हफमन रीतीने लिहिले तर १.८३.

आणि आधीच्या चौकटीवरून अंदाज बांधला तर? आधीच्या चौकटीतल्या ठिपक्यालाही वेगळा फासा पडला होता. उत्तर पुन्हा १.७५! बरेच शेजारी किंवा बऱ्याच चौकटी यांची सरासरी घेऊन अंदाज बांधला तर आकडा १.२५ च्या जवळ सरकतो, पण त्याच्या खाली जात नाही. भिंत स्थिर असूनही फाइल अपेक्षेइतकी लहान का होत नाही, त्याचे हे उत्तर आहे.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे मर्म हाती येते. मुळात ठिपक्यामागे ८ बिट होते. साध्यात साधी पद्धतही ते १.८३ वर आणते. सर्वांत हुशार पद्धत १.२५ च्या खाली जाऊ शकत नाही. वाचवण्यासारखे बहुतेक सगळ्याच वाचवतात. पद्धतींची स्पर्धा चालते ती उरलेल्या सुमारे अर्ध्या बिटासाठी.

खरखर वाढली की हा अर्धा बिट आणखी किरकोळ होतो. खरखरीचे प्रमाण विचलन ‘सिग्मा’ असेल आणि ते १ किंवा त्याहून मोठे असेल, तर ठिपक्यामागे किमान सुमारे २.०५ + लॉग सिग्मा (पाया २) इतके बिट लागतात. सिग्मा २ असेल तर किमान ३.०५, शेजाऱ्यावरून अंदाज बांधणाऱ्या साध्या पद्धतीला ३.५५. म्हणजे ८ बिटांची फाइल फार तर २.६ पट लहान होईल, आणि चांगल्या व साध्या पद्धतीत फरक १४ टक्के राहील. हा हिशेब सपाट भिंतीचा आहे. खऱ्या चित्रात पाने, चेहरे, कडा यांच्या चुकांचीही भर पडते. म्हणूनच कॅमेऱ्याचे चित्रण लॉसलेस पद्धतींनी साधारणपणे निम्मे ते एकतृतीयांश होते. दहापट लहान होत नाही.

पद्धतीचा दोष नसतानाही मर्यादा येते, हे तीन बिटांच्या उदाहरणानेही पटवता येईल. तीन बिटांचे निरोप आठ. त्याहून आखूड निरोप : दोन बिटांचे चार, एका बिटाचे दोन आणि कोरा एक, मिळून सात. आठ कबुतरे सात खुराड्यांत एकेकटी बसत नाहीत. म्हणून प्रत्येक फाइल लहान करणारी लॉसलेस पद्धत असूच शकत नाही.

तुलना करताना सावध

आता आकारांची तुलना वाचताना कोठे फसगत होते ते पाहू.

पहिली गोष्ट रंगाची. प्रत्येक ठिपक्याचे तिन्ही आकडे ठेवले तर ठिपक्यामागे ३ बाइट. रंगाचे आकडे चार ठिपक्यांमागे एकदाच ठेवले तर दीड बाइट. एका पद्धतीला पहिला माल दिला आणि दुसरीला दुसरा, तर दुसरीची फाइल आवळण्यापूर्वीच निम्मी असते. त्या पद्धतीचे श्रेय त्यात काही नाही. शिवाय जो रंग अगोदरच टाकला तो लॉसलेस पद्धत परत आणत नाही.

दुसरी गोष्ट बिटांची. हेच चित्र ८ ऐवजी १० बिटांत मोजले तर प्रत्येक आकडा चौपट होतो आणि सिग्माही २ चा ८ होतो. किमान बिट ३.०५ वरून ५.०५ होतात. वाढवलेले दोन्ही बिट खरखरीने भरले, त्यामुळे फाइल दोनपटही लहान होत नाही.

तिसरी गोष्ट मूळ मालाची. फोनवरची एमपी४ फाइल लॉसलेस पद्धतीत बदलली तर ती कितीतरी पटींनी मोठी होते आणि गेलेला तपशील परत येत नाही. लॉसलेस करायचे ते कॅसेटवरून किंवा फिल्मवरून प्रथम उतरवून घेताना.

चौथी गोष्ट एककाची. गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट, असे डिस्क विकणारे धरतात. काही संगणक १,०७,३७,४१,८२४ बाइटांना गिगाबाइट म्हणतात. आपली एका तासाची ७४.६ गिगाबाइटची फाइल त्यांच्या हिशेबाने ६९.५ ची होते. सात टक्क्यांचा हा फरक कधी कधी दोन पद्धतींतल्या फरकाएवढा असतो! तुलना नेहमी बाइटांत करावी.

आणि सर्वांत आधी, फाइल उघडून प्रत्येक चौकटीचा ‘एमडी५’ हा ठसा मूळ चौकटीच्या ठशाशी ताडून पाहावा. एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. ठसे जुळले नाहीत तर फाइल लहान असून उपयोग काय?

मग निवड कशी करावी?

कॅमेऱ्याच्या सर्वसाधारण चित्रणात हफवाययूव्हीची फाइल मोठी आणि एफएफव्ही१ची तिच्याहून लहान येते. वेगाचा क्रम मात्र उलटा. एच.२६४चा लॉसलेस प्रकार स्थिर, स्वच्छ चित्रांत पुढे जातो. खरखरीच्या फितीवर त्याची आघाडी ओसरते. कॅमेऱ्याने टिपलेले जिवंत दृश्य संगणकात तात्काळ घ्यायचे असेल तर वेग हवा. जतन करायचे असेल तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

वीस वर्षांनी डिस्कवरचा एक कण खराब झाला तर किती चित्र जाईल? आधीच्या चौकटीवर विसंबणाऱ्या पद्धतीत एका चौकटीचा बिघाड पुढच्या अनेक चौकटींत पसरतो. एफएफव्ही१मध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवता येते, चौकटीचे तुकडे पाडता येतात आणि प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा ठेवता येतो. त्यामुळे बिघाड कोठे झाला ते कळते आणि तो तेवढ्यापुरता राहतो. दुसरा प्रश्न असा की, सॉफ्टवेअर लिहिणारा उद्या नसला तरी फाइल वाचता येईल का? मायकेल नीडरमायर यांनी २००३ साली सुरू केलेल्या एफएफव्ही१चे संपूर्ण वर्णन २०२१ साली इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने आरएफसी ९०४३ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. ते वाचून कोणीही नवे सॉफ्टवेअर लिहू शकेल. ऑस्ट्रियातील मीडियाथेक या संग्रहालयाने एफएफव्ही१ निवडली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने व्हिडिओ फितींसाठी जेपीईजी २०००चा लॉसलेस प्रकार निवडला. त्यातही प्रत्येक चौकट स्वतंत्रच असते.

खरखर पुसून टाकली तर फाइल खूप लहान होईल, असे कोणी सुचवेल. ते खरे आहे. पण खरखर कोठे संपते आणि साडीचा पोत, पावसाची रेघ किंवा रंगमंचावरची धूळ कोठे सुरू होते, हे ठरवणारा आपल्याऐवजी संगणक असतो. पुढच्या पिढीकडे याहून चांगली साधने असतील. पण आपण ठेवलेलेच त्यांना मिळेल. म्हणून शाळेच्या कॅसेट उतरवायच्या असतील तर दहा टक्क्यांच्या बचतीवर फार काथ्याकूट करू नये. मुक्त मानकाची, स्वतंत्र चौकटींची लॉसलेस पद्धत घ्यावी, दोन ठिकाणी दोन प्रती ठेवाव्यात, आणि काम या वर्षीच सुरू करावे. डिस्क उद्याही मिळतील. कॅसेट वाजवणारे चालू यंत्र मिळेलच याची खात्री नाही.